घरोघरची गॅस सुरक्षा तपासणी आणि शाळेतले प्रात्यक्षिक: आमच्या गावातील अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये, अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्ताने, आमच्या भागातील एका गॅस वितरकाने आमच्या गावात दोन दिवसांचा सुरक्षा उपक्रम राबवला. पहिल्या दिवशी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात प्रात्यक्षिक झाले आणि त्यानंतरचे दीड दिवस वितरकाचे दोन तपासनीस घरोघर फिरले. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातले आहे. अग्निशमन बंब तालुक्याच्या गावाहून येतो आणि रस्ता मोकळा असला तरी त्याला पाऊण तास लागतो, त्यामुळे इथे आग लागल्यावर काय करायचे यापेक्षा ती लागू नये म्हणून काय करायचे हा प्रश्न मोठा आहे. मी या शाळेत शिकवते. प्रात्यक्षिकाच्या वेळी मी मुलांसोबत होते आणि नंतर १९ घरांत तपासनिसांबरोबर गेले. वितरकाचे नाव देत नाही, कारण त्या एका वितरकाला शाबासकी किंवा दोष देणे हा माझा हेतू नाही. ही सेवा घ्यावी का, घेताना काय पाहावे आणि तिच्यात काय कमी आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

मी बरोबर गेले याला कारण होते. त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील एका मुलाची अडीच वर्षांची बहीण न्हाणीतल्या कढत पाण्याच्या बादलीत पडली. आई विसणाची, म्हणजे कढत पाण्यात मिसळायच्या गार पाण्याची, कळशी आणायला दोन पावले बाहेर गेली होती, तेवढ्यात हे घडले. मुलगी वाचली, पण पाच आठवडे रुग्णालयात होती, आणि तेवढे दिवस तिचा भाऊ वर्गात येऊन नुसता बसून राहत असे. तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी परिसर अभ्यासातला धडा राहिलेला नाही. या उपक्रमाकडून माझी अपेक्षा म्हणूनच मोठी होती, आणि मी मोजमापही त्याच अपेक्षेने केले आहे.

तपासणी हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. घरात शिरल्यावर तपासनीस प्रथम टाकी आणि शेगडी कुठे ठेवली आहे ते पाहत. टाकी उभी असावी, बंद कपाटात किंवा खड्ड्यात नसावी आणि शेगडी टाकीच्या तोंडापेक्षा उंचावर असावी, हे नियम बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असतात. पण आमच्याकडे अजून कितीतरी घरांत ओटा नाही. शेगडी जमिनीवर, टाकी तिच्या शेजारी आणि रांगणारे मूल त्या दोन्हींच्या मध्ये, असे चित्र मी १९ पैकी ६ घरांत पाहिले. तपासनिसांनी या घरांना ओटा बांधून घ्या असा उपदेश केला नाही. त्यांनी दोन घरांत स्वतःच्या हाताने विटांचे थर रचून त्यावर जुनी शहाबादी फरशी ठेवून दाखवली आणि शेगडी तिच्यावर चढवली. घरातल्या माणसाला पैसे खर्च न करता करता येईल असा उपाय समोर करून दाखवणे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

नंतर नळीची पाळी येई. शेगडीची रबरी नळी ही आपल्या स्वयंपाकघरातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू असावी. तारेची जाळी आत असलेली नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षे वापरायची असते आणि तिच्यावर साल छापलेले असते, हे मला स्वतःलाही नीट माहीत नव्हते. आम्ही पाहिलेल्या घरांपैकी ११ घरांत ही मुदत उलटून गेली होती. एका घरात आठवडी बाजारातून आणलेली साधी हिरवी प्लॅस्टिकची नळी लावलेली होती. दुसऱ्या एका घरात नळी नवी होती, पण भिंतीकडच्या बाजूने उंदराने ती जवळजवळ तारेपर्यंत कुरतडलेली होती. समोरून पाहणाऱ्याला ते कधीच दिसले नसते. तपासनिसाने नळीवरून सावकाश हात फिरवला तेव्हा ते सापडले. त्याने साबणाचे पाणी लावून गळतीची जागा दाखवली, आणि घरातल्या आजींनी आजवर गळती पाहण्यासाठी काडी ओढत असल्याचे सांगितले, तेव्हा तो त्यांच्यावर रागावला नाही. त्याने साबणाच्या पाण्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि पुढची जोडणी त्यांच्याकडूनच तपासून घेतली.

गॅसच्या स्वभावाविषयी त्याने सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावी अशी आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, सुमारे दीडपट ते दुप्पट, त्यामुळे गळती झाली की तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. आमच्या घरांत मुले जमिनीवर झोपतात. उभ्या माणसाच्या नाकाला वास जाणवण्याआधी तो अंथरुणाजवळ पोहोचलेला असू शकतो. म्हणून रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करणे हा मुलांसाठीचा नियम आहे, गॅस वाचवण्यासाठीचा नव्हे. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, मुलांना आधी बाहेर काढावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करावा; हा क्रमांक चोवीस तास चालतो. एका घरात कुणा विक्रेत्याने गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र माळ्याजवळ उंच भिंतीवर ठोकून दिलेले होते. टाकीच्या गॅससाठी ते जमिनीपासून वीतभर उंचीवर असायला हवे. इतक्या वर लावलेले यंत्र घरभर गॅस भरेपर्यंत गप्प राहिले असते. तपासनिसाने ते काढून खाली लावून दिले.

टाकीच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे रंगवलेले असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत संपलेली टाकी नाकारण्याचा आपल्याला हक्क आहे. हे कळल्यावर मी चौथीच्या मुलांना आपापल्या घरच्या टाकीवरचे अक्षर वहीत लिहून आणायचा गृहपाठ दिला, आणि मोठ्यांना न वाचता येणारी ती खूण मुलांनी एका रात्रीत गावभर वाचून काढली. मुलांना भीती न घालता सुरक्षेत सहभागी करून घेता येते, हे मला त्यातून दिसले.

तपासणीतील उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या दिवशी प्रत्येक घराला पुरेसा वेळ मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र घाई झाली, आणि शेवटच्या काही घरांत सही आधी व पाहणी नंतर असा क्रम मी पाहिला. सही ही पाहणी झाल्याची कबुली असते, म्हणून ती शेवटीच करावी. काही घरांनी दारेच उघडली नाहीत, कारण पाहणीच्या नावाखाली शेगड्या आणि लायटर विकणारी माणसे याआधी गावात येऊन गेली होती. तपासनिसाने ओळखपत्र दाखवणे आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती देणे या दोन गोष्टी त्यामुळे आवश्यक ठरतात. आमच्याकडे दोन्ही झाल्या, परंतु मागितल्यावर. आणखी एक गोष्ट मला खटकली. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत जोडणी घरातल्या प्रौढ स्त्रीच्या नावाने दिली जाते, आणि टाकी हाताळतेही तीच. तरीही पुरुष घरात असला की सारे बोलणे त्याच्याशी होई आणि वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या राहून ऐकत. जिथे पुरुष शेतावर गेलेले होते तिथली तपासणी नेमकी अधिक उपयोगी झाली.

आता प्रात्यक्षिकाविषयी. सुरुवात चांगली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाला, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता, आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो, हे वक्त्याने साध्या शब्दांत सांगितले. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतील माणसे मुंबईत माथाडी म्हणून आयुष्य घालवून परत आलेली आहेत. त्यामुळे गोदी हा शब्द मुलांना परका नव्हता आणि मागे बसलेली दोन वृद्ध माणसे ते ऐकताना उठून उभी राहिली.

त्यानंतर मुख्य प्रयोग झाला. टाकीच्या तोंडाशी गॅस पेटवून पुरुषभर उंच ज्वाला काढण्यात आली आणि वितरकाच्या माणसाने ओले पोते घेऊन, ज्वालेच्या दिशेने चालत जाऊन, ती झाकून विझवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने आठवीतल्या दोन मुलांना पुढे बोलावून त्यांच्याकडूनही तेच करून घेतले. मोठ्या माणसांसाठी या प्रयोगाला अर्थ आहे. पेटलेली टाकी पाहून पळापळ करण्याऐवजी ओल्या पोत्याने ज्वाला झाकता येते, हवा तोडली की आग मरते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. परंतु समोर पहिली-दुसरीची मुले बसलेली होती आणि त्यांनी त्यातून एकच गोष्ट उचलली: आगीकडे चालत जाणारा माणूस शूर असतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे वाळक्या पाल्याचा ढीग पेटवून, ओला टॉवेल घेऊन, तीन मुले तोच खेळ खेळताना मला सापडली. कुणाला इजा झाली नाही, पण त्या क्षणी माझे हातपाय गार पडले होते. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात तिथून कडब्याची गंजी वीस पावलांवर होती.

हा दोष प्रयोग करणाऱ्याच्या हेतूत नाही, प्रेक्षक ओळखण्यात आहे. लहान मुलाला शिकवायचे ते आग विझवणे नव्हे. आगीपासून लांब जाणे, मोठ्याने ओरडून माणसे बोलावणे आणि लपून न बसणे, हे तीन धडे त्याच्यासाठी आहेत. लपण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण घाबरलेले मूल, आणि विशेषतः ज्याच्या हातून काडी ओढली गेली आहे असे मूल, बाजेखाली, कणगीमागे किंवा गोधड्यांच्या ढिगात शिरते आणि हाका मारल्या तरी ओ देत नाही. काड्यापेटी त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी हे खरेच, पण ‘काही झाले तरी तुला मारणार नाही, तू बाहेर ये’ हे त्याला आधीपासून माहीत असणे तितकेच आवश्यक आहे. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, जागीच थांबायचे, खाली पडायचे, तोंड हातांनी झाकायचे आणि लोळायचे, हेही मुले खेळासारखे शिकतात. आम्ही नंतर ते पटांगणावर रोज प्रार्थनेनंतर आठवडाभर करून घेतले. वितरकाच्या कार्यक्रमात यातले काहीच नव्हते.

शाळेतच असलेल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघराकडेही त्यांचे लक्ष नव्हते; आम्ही विनंती केल्यावर तपासनिसाने ते पाहिले आणि धान्याच्या पोत्यांना टेकून ठेवलेली टाकी हलवायला लावली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग गवती छपरात शिरली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेसाठी निर्देश दिले. शाळेत येऊन मुलांना आगीविषयी सांगणाऱ्या कोणाही माणसाने त्या शाळेची चूल आधी पाहावी, असे मला वाटते.

या सेवेची सर्वांत मोठी मर्यादा तिच्या तक्त्यात आहे. तपासनिसाच्या हातातील कागदावर टाकी, रेग्युलेटर, नळी आणि शेगडी एवढेच रकाने असतात. पण आमच्या गावात गॅस आला म्हणून चूल गेलेली नाही. टाकी संपली की पुढची आणायला पैसे जमेपर्यंत चूल पेटते. टाकी असली तरी आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबवण आणि सणाचा मोठा स्वयंपाक चुलीवरच होतो. म्हणजे एका घरात दोन विस्तव आहेत आणि तपासणी त्यांतल्या एकाचीच होते. मी पाहिलेल्या घरांत मुलांना जे भाजल्याचे जुने वण होते, त्यांच्याविषयी विचारले तेव्हा एकही वण गॅसचा निघाला नाही. कुणी उलथलेल्या आमटीच्या पातेल्याने भाजले होते, कुणी राखेखालच्या निखाऱ्यावर पाय दिला होता, कुणी पाणी तापवायच्या बंबाला हात लावला होता, आणि कुणी पाण्याने.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. साठ अंश तापमानाचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ असल्याने त्याला त्याहूनही कमी वेळ पुरतो. चुलीवरून उतरवलेले पाणी त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. आपली रीत अशी की बादलीत किंवा घंगाळात आधी कढत पाणी ओतायचे, मग विसण घालायचे. या दोन क्रियांच्या मधला वेळ, मग तो अर्ध्या मिनिटाचा का असेना, घरातल्या लहान मुलासाठी सर्वांत धोक्याचा असतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी विसण आणि त्यावर कढत पाणी, की तो धोका जवळजवळ उरतच नाही. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागते, आणि ती मोडायला कुणीतरी घरात येऊन सांगावे लागते. घरोघर जाणारा तपासनीस न्हाणीच्या दारावरून पुढे जातो, तेव्हा ही संधी वाया जाते. विजेच्या कॉइलने बादलीत पाणी तापवणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे, आणि तिथे विजेच्या धक्क्याची भर पडते.

दुसरी जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. शेक-शेगडीची रीत आमच्याकडे अजून आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, तिच्यावर ओवा, शेपा, धूप टाकून धुरी देतात, आणि वर आई-बाळ गोधडीत असतात. गोधडीचे किंवा साडीचे टोक खाली लोंबत असेल तर काय होऊ शकते ते सांगायला नको. शिवाय दार-खिडकी बंद असेल तर निखाऱ्यांचा विषारी वायू, ज्याला वास नसतो, त्या खोलीत कोंडतो. ही रीत सोडा असे सुनेने सासूला सांगणे अवघड असते. परंतु शेगडी बाजेखाली न ठेवता बाजूला ठेवावी, दार उघडे ठेवावे, शेक संपताच शेगडी बाहेर न्यावी आणि बाळाला त्या वेळी दुसऱ्या कुणाजवळ द्यावे, इतके सांगितले तर आज्या ऐकतात. आमच्या आशाताई आता हे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सांगतात.

प्रथमोपचाराचा विषय कार्यक्रमात अर्ध्या मिनिटात आटोपला, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रार ही आहे. भाजल्यावर गावात काय करतात ते आपण सर्वजण जाणतो: हळद, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, कुठे शेणसुद्धा. या सर्वांनी जखम झाकली जाते, उष्णता आत राहते आणि रुग्णालयात ते खरवडून काढताना मुलाला पुन्हा वेदना होतात. करायचे ते एकच आहे: साधे गार, वाहते पाणी, तेही वीस मिनिटे. बर्फ नाही. टँकरच्या गावात वीस मिनिटे वाहते पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न मला दोन घरांत विचारला गेला आणि तो रास्त आहे. घंगाळात उभे करून किंवा धरून तांब्याने पाणी सोडावे, आणि घंगाळात जमलेले पाणी थंड असेपर्यंत तेच पुन्हा वापरावे. दोन-तीन कळशा पुरतात. ते करताना बाकीचे अंग कोरड्या कापडाने झाकावे, कारण लहान मूल लवकर गारठते. अंगावरचे कपडे, वाळे, करदोटा, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. मग स्वच्छ ओढणी किंवा धुतलेले धोतर सैल गुंडाळून १०८ ला फोन करावा. तोंड, हात, पाय किंवा लघवीची जागा भाजली असेल, किंवा भाजलेली जागा मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर घरी वाट पाहू नये.

पेटलेले कपडे विझवण्यासाठी वक्त्याने ‘ब्लँकेट’ म्हटले आणि तो पुढे गेला. आमच्या घरांतील ब्लँकेटे बहुधा कृत्रिम धाग्यांची असतात. ती पेटतात, वितळतात आणि अंगाला चिकटतात. लोकर मात्र सहज पेट घेत नाही आणि ज्वाला लागली तरी आपणहून विझण्याकडे तिचा कल असतो. माणदेशात प्रत्येक जुन्या घरात घोंगडी आहे. आगीवर टाकायला तिच्याइतके चांगले साधन या गावात दुसरे नाही, आणि ते खुंटीवर टांगलेलेच आहे. हे कार्यक्रमात कुणी सांगितले असते तर मुलांनी घरी जाऊन पहिल्यांदा घोंगडीच शोधली असती. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी न ओतता झाकण ठेवावे, हे मात्र त्यांनी उत्तम रीतीने, प्रत्यक्ष करून दाखवले.

विम्याची माहितीही त्यांनी दिली आणि ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. टाकीच्या गॅसमुळे अपघात झाल्यास तेल कंपन्यांच्या सार्वजनिक दायित्व विम्यातून मृत्यू झाल्यास प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत, उपचारांसाठी प्रत्येकी २ लाख रुपयांपर्यंत आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही, पण वितरकाला लगेच लेखी कळवावे लागते.

उपक्रमानंतर आम्ही शिक्षक, आशाताई आणि अंगणवाडीताई मिळून वितरकाला दोन पानांचे पत्र लिहिले. प्रात्यक्षिक पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी वेगळे घ्यावे, लहान मुलांना लांब जाणे व हाक मारणे शिकवावे, आणि तपासणीच्या कागदावर चूल, कढत पाणी व मुलांची झोपण्याची जागा असे तीन रकाने हाताने का होईना वाढवावेत, अशा मागण्या त्यात होत्या. कार्तिकात तेच दोन तपासनीस राहिलेल्या घरांसाठी पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या कागदाला एक जादा पान टाचलेले होते. छापील नव्हते, हाताने आखलेले होते. या वेळी ते न्हाणीच्या दाराशी थांबले. एका घरात थोरल्या तपासनिसाने स्वतः बादलीत आधी विसण ओतून दाखवले, तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, ‘‘बाई, गॅसवाला पाण्याचं सांगायला लागला व्हय?’’ आणि मग त्यांनी ते दोनदा विचारून घेतले.

त्यामुळे माझे मत असे आहे की ही सेवा प्रत्येक गावाने मागून घ्यावी. सिलिंडर देताना होणारी मूलभूत तपासणी निःशुल्क असते आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या सविस्तर तपासणीचे शुल्क पाच वर्षांच्या मानाने जड नाही. मात्र तिला चुलीपर्यंत आणि न्हाणीपर्यंत नेण्याचे काम गावालाच करावे लागेल, आणि त्यासाठी वितरकासोबत आशाताई किंवा शिक्षक यांपैकी एकाने घरोघर फिरणे आवश्यक आहे.

एक गट मात्र या दोन्ही फेऱ्यांत सुटला. आमच्या गावातली १४ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाच महिने उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांमध्ये राहतात. चूल कोपीच्या दाराशी असते, पहाटे आईबाप फडात गेल्यावर धाकट्याजवळ थोरले मूल असते, आणि एका कोपीला लागलेली आग शेजारच्या कोप्यांपर्यंत पोहोचायला वारा पुरतो. काही जण सोबत लहान टाकी नेतात, पण तिचा नोंदणीकृत पत्ता इथला, गावचा आहे. तपासनीस तिथे जात नाही, आणि मालमत्तेचा विमा तिथे लागू होत नाही. या वर्षी निघताना प्रत्येक कुटुंबाने एक घोंगडी बरोबर न्यावी आणि चूल कोप्यांपासून दूर, सर्वांची मिळून एके ठिकाणी मांडावी, एवढे त्यांच्याशी बोलून ठरवले आहे. ज्या साखर कारखान्याकडे ते जातात त्याच्या शेतकी कार्यालयाला, कोप्यांच्या वस्तीवर पाण्याचे एक पिंप केवळ आगीसाठी भरून ठेवावे आणि जवळच्या वितरकाची फेरी तिथे लावावी, असे पत्र आम्ही पाठवले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.